थट्टेची पूर्वपरवानगी

दर गुरुवारी संध्याकाळी, बातम्या संपल्या की, सरकारी दूरचित्रवाणीच्या पूर्व प्रांत केंद्रावरून बेंबा जमातीची एक बाई न्गोनी जमातीच्या एका म्हाताऱ्याला उंदीरखाऊ म्हणत असे आणि तो म्हातारा तिला माकडखाऊ म्हणत असे. या कामासाठी दोघांनाही शासनमान्य मानधन होतं, बसायला दोन लाकडी स्टुलं होती, आणि हवामान, खतं व आरोग्य या विषयांवरची सरकारी माहिती शिव्यांच्या मधल्या जागेत बसवायची, असा लेखी आदेश होता.

बाईचं नाव प्रिस्का कपेंब्वा. ती उत्तरेकडच्या कासामाची. नोकरीसाठी केंद्राच्या गावी, चिपाताला आली आणि तिथलीच होऊन गेली. म्हातारे एलिफाझ जेरे बाजारात सायकली दुरुस्त करायचे. त्यांना सगळे बा जेरे म्हणत; बाई असो की बुवा, मान द्यायचा तर तिकडे नावाआधी बा लावतात. बेंबा आणि न्गोनी यांच्या पणजोबांनी एकमेकांचे गळे कापले होते आणि मग कंटाळून तह केला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांचे चिंबुया, म्हणजे थट्टेचे भाऊबंद. भाऊबंदाला गुलाम म्हणावं, चोर म्हणावं, त्याच्या ताटातलं उचलून खावं, त्याच्या मयतीला जाऊन मेलेल्याची खेटरं घालून त्याच्यासारखं लंगडत चालून दाखवावं. सगळं माफ. या नात्यात गुन्हा एकच होता. तो म्हणजे वाईट वाटून घेणं.

कार्यक्रमाआधी प्रिस्का डोळे मिटून छोटीशी प्रार्थना करी. देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं की शिवीसुद्धा सत्कारणी लागते, असा तिचा अनुभव होता. तो खोटा नव्हता. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी पाणी उकळून प्या म्हणून घसा कोरडा केला तरी कोणी चूल पेटवली नव्हती. पण एका गुरुवारी बा जेरे शांतपणे म्हणाले की बेंबांच्या घरात पाणी उकळत नाहीत, कारण त्यांचे पूर्वज झाडावर राहायचे आणि झाडावर चूल पेटवता येत नाही. त्या आठवड्यात चिपातातल्या झाडून साऱ्या बेंबा घरांवर धूर दिसला. मग प्रिस्काने सांगितलं की सरकारने न्गोनींना मच्छरदाण्या वाटल्या खऱ्या, पण त्यांनी त्यांत उंदीर धरले. झालं. न्गोनी बायकांनी मच्छरदाण्या इतक्या निगुतीने बांधल्या की नवऱ्यांना आत शिरायला वाट सापडेना.

असं सगळं बरं चाललं होतं. मग राजधानी लुसाकाहून एक तक्रार आली.

तक्रार सभ्य होती. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ‘एक हितचिंतक’ असं दिलं होतं. त्याने कळवलं होतं की तो हा कार्यक्रम नियमितपणे पाहतो, गेल्या गुरुवारी तो आणि त्याचं कुटुंब हसून हसून खुर्चीवरून खाली आलं, आणि त्याला स्वतःला काहीही वाईट वाटलेलं नाही. तथापि शेजाऱ्यांना वाईट वाटलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

दूरचित्रवाणी महामंडळात शक्यता नाकारण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. सबब, प्रादेशिक भावना संरक्षण समिती नेमण्यात आली आणि तिचे सचिव श्री. हाचिपुका एक ब्रीफकेस, एक छत्री आणि पोटाचं औषध घेऊन चिपाताला आले. ते दक्षिणेकडच्या टोंगा जमातीचे. बारीक आवाजाचे, मनाने वाईट नव्हते. त्यांनी प्रिस्काला समजावून सांगितलं की थट्टेवर बंदी मुळीच नाही. थट्टा ही आपली संस्कृती आहे. फक्त ती पंधरा दिवस आधी लेखी सादर करायची, तीन प्रतींत, म्हणजे तिचं संरक्षण करता येईल.

प्रिस्काने विचारलं की समोरचा आयत्या वेळी काही बोलला तर उत्तर कसं द्यायचं. हाचिपुकांनी सांगितलं की उत्तर पुढच्या पंधरवड्यात सादर करावं.

पहिल्या थट्टा शेरे मारून परत आल्या. ‘न्गोनी उंदीर खातात’ यापुढे समितीने विचारलं होतं की उंदीर कोणता, घरातला की शेतातला. बा जेरेंनी हे फार मनावर घेतलं. त्यांनी स्वतः चष्मा लावून खुलासा लिहिला की घरातला उंदीर ते तोंडाला लावत नाहीत, तो घाण असतो; शेतातला मात्र मीठ लावून, वाळवून, काडीला खोचून बाजारात मिळतो आणि समितीने चवीला एक काडी पाठवायला सांगितल्यास पाठवण्यात येईल. समितीने खुलासा मान्य केला आणि निष्कर्ष काढला की न्गोनी उंदीर खातात हे विधान सत्य असल्याने ती थट्टा ठरत नाही, ती माहिती ठरते. सबब ती वृत्तविभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. माकडाची चौकशी उलट झाली. प्रिस्काने उभ्या आयुष्यात माकड खाल्लं नव्हतं. तिने तसं प्रामाणिकपणे लिहून दिलं, आणि सरकारी वाहिनीवरून असत्य प्रसारित करता येत नाही म्हणून माकड रद्द झालं.

अशा तऱ्हेने उंदीर खरा म्हणून गेला आणि माकड खोटं म्हणून गेलं.

आता दोघांनी बोलायचं काय, हा प्रश्न समितीने सोडवायच्या आत दुसराच उभा राहिला. वृत्तपत्रांत समितीची बातमी वाचून इतर समाजांची शिष्टमंडळं महामंडळाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की राष्ट्रीय वाहिनीवर अपमान फक्त दोघांचाच का. आम्ही काय कर भरत नाही? आमच्या खाण्यात काय कमी विचित्र गोष्टी आहेत? सुरवंट खाणाऱ्यांनी सुरवंटांची टोपली भरून आणली आणि पुरावा म्हणून समितीच्या टेबलावर ओतली. हाचिपुकांना दोन दिवस जेवण गेलं नाही, हे जेव्हा कळलं तेव्हा त्या शिष्टमंडळाला फार समाधान वाटलं.

समितीने प्रत्येक समाजाला थट्टेचा समान वाटा देण्याचं तत्त्वतः मान्य केलं. ज्यांना वाडवडिलांपासून चिंबुया नव्हते त्यांना प्रभारी चिंबुया नेमून देण्यात आले. पण ज्यांची कधी लढाईच झाली नाही त्यांनी एकमेकांना कशावरून चिडवायचं, हे कोणालाच सुचेना. प्रभारी भाऊबंद एकमेकांसमोर उभे राहून हवामानाबद्दल बोलून घरी गेले. शेवटी समितीने सर्व समाजांना, सर्व प्रांतांत, वर्षभर वापरता येईल अशी एकच थट्टा तयार केली, कायदा विभागाकडून तपासून घेतली आणि सगळ्या केंद्रांना पाठवली.

ती अशी होती: ‘काही नागरिक काही पदार्थ खातात आणि इतर नागरिक इतर पदार्थ खातात.’ खाली कंसात सूचना होती की येथे हसावं.

त्या गुरुवारी बा जेरेंनी स्टुलावर ताठ बसून ती थट्टा वाचली. कंसासकट वाचली. मग त्यांनी प्रिस्काकडे पाहिलं आणि प्रिस्का, नियमाप्रमाणे, हसली. पुढे दर आठवड्याला हेच. कधी ती वाचायची, कधी ते. गावात लोक बातम्या संपल्या की टीव्ही बंद करून जेवायला बसू लागले. चुलींवरचं उकळतं पाणी हळूहळू थंड झालं आणि बऱ्याच मच्छरदाण्या कोंबड्यांच्या खुराड्यांवर गेल्या. तक्रारी मात्र पूर्ण थांबल्या. वर्षअखेरीला ‘सर्वाधिक सौजन्यपूर्ण प्रादेशिक कार्यक्रम’ म्हणून महासंचालक डॉ. लेव्हिसन शावा यांच्या हस्ते दोघांना ढाल मिळाली. शावा स्वतः न्गोनी होते, चिपाताजवळच्याच खेड्यातले; पण लुसाकात राहून राहून त्यांचं न्गोनीपण फक्त आडनावात उरलं होतं.

ढाल घेऊन परत येताना गाडीत बा जेरेंनी ढाल पायाशी ठेवली. मग म्हणाले, “पोरी, चाळीस वर्षं तुम्हा लोकांनी मला काय काय म्हटलं. पण अपमान आज पहिल्यांदा झाला.”

प्रिस्काने विषय बदलायचा प्रयत्न केला. म्हातारा बदलू देईना. त्याला आता एकच काळजी होती. बेंबांनी थट्टा केल्याशिवाय न्गोनी माणूस धड पुरला जात नाही. भाऊबंदांनी शवपेटी अडवायची असते, खड्ड्यात उतरून आडवं व्हायचं असतं, कोंबडी मिळाल्याशिवाय हलायचं नसतं. मेलेल्याची एकेक खोडी सगळ्यांसमोर काढायची, तेव्हा घरच्यांना हसू फुटतं आणि हसता हसता अडकलेलं रडू मोकळं होतं.

“मी गेलो की तू येशील,” बा जेरे म्हणाले, “आणि मंजूर झालेलं वाचशील. काही नागरिक काही पदार्थ. त्यापेक्षा मी मरतच नाही.”

“तुमच्या मरणावर मी इतकी वर्षं डोळा ठेवून आहे, बा जेरे,” प्रिस्का म्हणाली. “तुमची अशी फजिती करीन की खड्ड्यातून उठून बसाल.”

“शब्द दे.”

तिने दिला. देताना तिला आठवलं की करारात विनापरवाना थट्टेला नोकरीवरून कमी करण्याची तरतूद आहे, आणि मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अजून अर्ध्यावर आहे. पण शब्द तोपर्यंत तोंडाबाहेर पडला होता आणि म्हातारा डुलक्या घेऊ लागला होता.

बा जेरे पावसाआधीच्या कडक उन्हाळ्यात गेले. पुरस्कारविजेते असल्यामुळे महामंडळाने त्यांचा अंत्यविधी ‘आपली सांस्कृतिक परंपरा’ या नावाने थेट प्रक्षेपित करायचं ठरवलं. महासंचालक जातीने येणार होते. हाचिपुका दोन दिवस आधी आले आणि त्यांनी परंपरेची व्यवस्था लावली. बेंबा भाऊबंदांसाठी वेगळा मांडव, त्यावर ‘सौजन्य कक्ष’ अशी पाटी. खड्ड्यात उतरण्यास सुरक्षेच्या कारणास्तव मनाई. शोकसंदेशानंतर मंजूर थट्टा एकदा वाचण्यात येईल.

चिपातातले सगळे बेंबा आले. पोलीस, परिचारिका, ट्रकवाले, टपाल कचेरीतले कारकून. कोणी डोक्यावर उलटं भांडं घालून आलं होतं, कोणी तोंडाला राख फासून, एका हवालदाराने बा जेरेंसारखी तेलकट टोपी मिळवली होती आणि हातात फुटकी सायकलची ट्यूब. फाटकाशी हाचिपुका उभे होते. त्यांनी एकेकाला हळू आवाजात सांगितलं की कॅमेरे चालू आहेत, देश बघतो आहे आणि प्रत्येकाच्या वरिष्ठांकडे चित्रफीत जाणार आहे. भांडी खाली उतरली. राख रुमालाने पुसली गेली. हवालदाराने ट्यूब खिशात कोंबली. सगळे मांडवात चर्चमध्ये बसावं तसे ओळीने बसले.

आत जेरेंच्या घरच्या बायका न्शिमाची, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याची, मोठमोठी भांडी ढवळत होत्या. एरवी बेंबांनी एव्हाना येऊन पातेली पळवली असती, कालवण खारट म्हणून बोंब ठोकली असती. वाढायला गेलेल्या बाईने पाहिलं तर त्यांनी हात धुतले, पुढ्यातलं निमूट जेवले आणि वर धन्यवाद म्हणाले.

ती बाई धावत आत आली. तिचा चेहरा उतरला होता. बेंबा धन्यवाद म्हणाले, असं तिने सांगताच स्वयंपाकघरातली कुजबुज थांबली. आपल्याकडून असं कोणतं पाप घडलं, हे म्हाताऱ्या बायका एकमेकींना विचारू लागल्या.

बा जेरेंची बायको, अमाइ जेरे, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ती बेंबांची वाट बघत होती. शवपेटी उचलायची वेळ झाली तरी कोणी आडवं पडलं नाही. पेटी विनाअडथळा दारातून बाहेर पडली, हे बघून तिने प्रिस्काचा हात धरला.

“मुली, माझा नवरा तुम्हाला इतका परका होता का,” ती म्हणाली, “की कोणी त्याला एक शिवीसुद्धा देऊ नये?”

दफनभूमीपर्यंत प्रिस्का मनातल्या मनात प्रार्थना करत गेली, आणि प्रार्थनेत सारखी मुलीच्या फीची रक्कम मधे येत राहिली.

खड्ड्याशी महासंचालकांनी शोकसंदेश वाचला. मग हाचिपुकांनी ध्वनिक्षेपक प्रिस्काच्या हाती दिला. तिने कागद उघडला.

“काही नागरिक काही पदार्थ खातात,” ती म्हणाली, “आणि इतर नागरिक इतर पदार्थ खातात.”

कोणी हसलं नाही. सौजन्य कक्षातून आलेल्या हवालदाराने खिशातल्या ट्यूबवर हात ठेवला होता. अमाइ जेरे कोरड्या डोळ्यांनी खड्ड्याकडे बघत होती. प्रिस्काने कागदाची घडी घातली, चपला काढल्या, कमरेला गुंडाळलेलं चितेंगे गुडघ्याशी आवळून घेतलं आणि सगळ्या देशासमोर खड्ड्यात उतरून उताणी पडली.

“हा खड्डा माझा आहे,” आतून आवाज आला. ध्वनिक्षेपक तिच्या हातातच राहिला होता. “माझा गुलाम रजेचा अर्ज न देता पळालाय, त्याला इथे जागा मिळणार नाही. आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या याने. ज्याची दुरुस्त केली तो पायी घरी गेला. माझ्या साखळीला तेल घालतो म्हणाला आणि घरी नेऊन त्याच तेलात उंदीर तळले. देवा, याला आत घेशील तर आधी खिसे तपास. आणि स्वर्गात मांजर असेल तर तिला बांधून ठेव, नाहीतर हा तिच्या पुढ्यातलं पळवील.”

आधी हवालदार उठला. त्याने टोपी घातली आणि बा जेरेंसारखा खोकत, लंगडत, ट्यूबमध्ये फुंकर मारत पेटीभोवती फिरू लागला. मग परिचारिका उठल्या. ट्रकवाले पेटीवर जाऊन बसले आणि म्हणाले की पंक्चर काढल्याशिवाय ही गाडी पुढे जात नाही. अमाइ जेरेच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ती हसत होती. हसता हसता तिच्या डोक्याचं फडकं सुटलं, ती शेजारणीच्या अंगावर कोसळली, आणि मग ती जी रडली ते रडणं थेट लुसाकापर्यंत ऐकू गेलं.

प्रक्षेपण थांबवता आलं असतं. पण थेट प्रक्षेपण थांबवायला महासंचालकांची सही लागते, आणि महासंचालक त्या वेळी कामात होते. हजर न्गोनींमध्ये तेच सर्वांत मोठ्या पदावरचे असल्याने खड्ड्यातल्या भाऊबंदाला सोडवणं त्यांच्यावर आलं होतं. त्यांच्याजवळ कोंबडी नव्हती. गोंधळून त्यांनी गळ्यातला टाय काढला आणि खड्ड्यात धरला.

“हे कोण खाणार?” प्रिस्का आतून म्हणाली. “हे तर माकडसुद्धा खात नाही, आणि माकडांचं मला विचारा.”

डॉ. शावा हसले. खांदे हलवून, दात दाखवून, गावाकडचे लोक हसतात तसे हसले, आणि कॅमेऱ्याने ते जवळून टिपलं. मग कोणीतरी कोंबडी आणली, प्रिस्का ती बगलेत धरून वर आली, आणि बा जेरे रीतसर पुरले गेले.

दुसऱ्या दिवशी महामंडळात तक्रारींचे गठ्ठे आले. एवढे लोक अजून हा कार्यक्रम बघतात हे समितीला त्याच दिवशी कळलं. प्रत्येक तक्रारदाराने लिहिलं होतं की तो आणि त्याचं कुटुंब पोट धरून हसलं आणि त्याला वैयक्तिक काही वाईट वाटलेलं नाही. तथापि शेजाऱ्यांना वाटलं असेल. समितीने शेजाऱ्यांकडे माणूस पाठवला. शेजारी तक्रार लिहीत बसले होते. त्यांना त्यांच्या शेजाऱ्यांची काळजी वाटत होती.

विनापरवाना थट्टेबद्दल प्रिस्काला नोटीस मिळाली आणि विक्रमी प्रेक्षकसंख्येबद्दल अभिनंदनाचं पत्र मिळालं. दोन्ही एकाच पाकिटात होती. चौकशीत हाचिपुकांनी प्रामाणिक अहवाल दिला की भावना दुखावल्या गेल्या असणारच, परंतु ज्याच्या दुखावल्या ती व्यक्ती अद्याप आढळलेली नाही. नियमानुसार दुखावलेल्याचा जबाब झाल्याशिवाय शिक्षा देता येत नव्हती आणि कार्यक्रमही सुरू करता येत नव्हता. सबब, ती व्यक्ती सापडेपर्यंत प्रिस्काची नोकरी चालू आणि कार्यक्रम बंद ठेवण्यात आला. जाताना हाचिपुका दारात घुटमळले. ते समितीवर गेल्यापासून त्यांच्या लोझी भाऊबंदांनी त्यांना एकदाही बेडूकतोंड्या म्हटलं नव्हतं, असं त्यांनी छत्रीकडे बघत सांगितलं, आणि निघून गेले.

पुढच्या गुरुवारी, बातम्या संपायच्या वेळी, प्रिस्का सवयीने स्टुडिओत येऊन आपल्या स्टुलावर बसली. समोरचं स्टूल रिकामं होतं. मागून दार वाजलं. डॉ. शावा एकटेच आत आले, इकडेतिकडे पाहून बा जेरेंच्या स्टुलावर टेकले आणि टायची गाठ सारखी करू लागले.

“बा प्रिस्का,” ते म्हणाले, “लुसाकात आमच्या वस्तीत सगळे फार सभ्य आहेत. माझ्या वेळी कोण येईल, सांगता येत नाही. तुम्ही याल ना?”

प्रिस्काने आपलं स्टूल त्यांच्याकडे वळवलं.

“अर्ज करा, साहेब. तीन प्रतींत,” ती म्हणाली. “मरायच्या पंधरा दिवस आधी आला तर विचार करू. आणि तोंड असं पाडून बसू नका, घशात उंदीर आडवा गेल्यासारखं दिसतंय.”

साहेबांना हसू आलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं आणि मगच ते हसले.

समितीचा शोध अजून चालू आहे. या गोष्टीने आपल्यापैकी कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर त्याने ताबडतोब कळवावं. एका बाईचा कार्यक्रम त्याच्यावाचून अडला आहे. हसू आलं असेल तर मात्र कळवायची तसदी घेऊ नये. ते शेजारी कळवतीलच.